स्मशानातलं मोहोळ

ऐका मंडळी. साधा प्रश्न विचारतो — आपलं माणूस कोणाला म्हणायचं? गोड बोलतं, त्याला? असू द्या, उत्तर मनातच ठेवा.

एका गावात स्मशानाची शेड होती. तिच्या पत्र्याखाली आग्या मोहोळ लागलं — हे एवढं, परातीएवढं. लोक म्हणाले, "सरपंच, काढून घ्या." सरपंच गुलाबराव हसले. "अरे, तिथं जाणाऱ्याला चावून काय होणार?" आता पोचवायला जाणारे जिवंत असतात, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

पुढं त्यांचीच आई वारली, गजराबाई. तिरडी शेडखाली टेकवली, मडक्यातल्या विस्तवाचा धूर वर गेला — आणि मोहोळ उठलं. "आई, तुझ्याशिवाय कसा जगू" म्हणून रडणारे गुलाबराव पळण्यात सगळ्यांच्या पुढं. कसं जगायचं ते पायांना बरोबर ठाऊक होतं!

तिरडीपाशी राहिली एकटी सून, गुलाबरावांची बायको मैना. रोज सासूशी भांडणारी. तिनं विस्तवावर पाणी ओतलं, डोक्यावरून पदर घेतला आणि हलली नाही. दोन्ही हात डंखांनी सुजले. हळूहळू माश्या निवल्या.

लांबून गुलाबराव म्हणाले, "थांब, पलिते आणतो. जाळूनच टाकतो."

"जाळायचं नाही," मैना म्हणाली. "धूर आपण केला, त्यांनी काय केलं? जिवंत हलवा. तोवर मी बसते."

शेजारगावचा मोहोळ काढणारा आला. अंगभर जाळीचा पोशाख घालून, दिवस कलताना त्यानं ओल्या पाल्याचा धूर दिला — बेतानं, एका बाजूनं. माश्या उठल्या आणि नदीपलीकडच्या उंबरावर जाऊन बसल्या. त्यानं रिकामं पोळं उतरवलं. मगच चिता पेटली.

सुजल्या तोंडानं गुलाबरावांनी विचारलं, "तुमचं तर कधी पटलं नाही. मग थांबलीस कशी?"

मैना म्हणाली, "बाळंतपणात मला ताप चढला होता. आत्याबाई शिव्या देत होत्या, पण ताप उतरेपर्यंत उशाशी बसून होत्या. आज मी बसले. शिव्या द्यायला कोणी नव्हतं, एवढंच."

तर मंडळी, आपल्याजवळ कोण बसेल, याचा विचार सगळेच करतात. तुम्ही कोणाजवळ बसाल? नाव आठवत नाही? वाईट वाटून घेऊ नका. पळणाऱ्यांना सोबत भरपूर मिळते.