पाच, पाच आणि ठकूमामी

हरीचं नाव घेऊन झालं मंडळी, आता जरा गावाचं नाव घेऊ! प्रश्न साधा आहे. दोन बलाढ्य माणसं भांडतात आणि दोघंही तुमच्या दारात हात जोडून उभी राहतात — तेव्हा मोठं कोण? ते, की तुम्ही? काय म्हणालात? 'आपण'? बसा, बसा काका, आधी ऐका तर!

आमची ग्रामपंचायत अकरा जणांची. पाच मेंबर दौलततात्यांचे, पाच रंगाशेठचे. आणि अकरावी आमच्या धनगरवाड्यावरची ठकूमामी कोकरे — कुणाचीच नाही! त्या काळी सरपंच मेंबरांतूनच निवडायचा. म्हणजे मामी जिकडे, खुर्ची तिकडे. ज्यांनी जन्मात आमचा ओढा ओलांडला नव्हता, ते दोघे धोतर खोचून मामीच्या अंगणात! शेळीच्या दुधाचा चहा पितायत — आणि वर 'वा वा' करतायत!

मामीला एकच हवं होतं. ओढ्यावर साकव, पायी जाण्यापुरता पूल. पावसाळ्यात पाणी चढलं की आमचा वाडा तुटायचा. दवाखाना पलीकडे, शाळा पलीकडे, आम्ही अलीकडे.

पहिल्याच दिवशी तात्या म्हणाले, "मामी, पहिला ठराव साकवाचा. बिरोबाचा भंडारा उचलून शपथ घेतो." आणि उचलला! कपाळाला लावला!

झालंच होतं की काम! पण आम्ही वाड्यावरचे शहाणे — "मामी, इतक्यात हो म्हणू नको. ताण! शेठ अजून वर जाईल." सांगायला लाज वाटते, त्यात हा बुवाही होता! मामीचा नवरा, म्हाळूमामा, तेवढा म्हणाला, "अगं, साकव मागितला, साकव मिळतोय. पुरे की!" पण म्हाताऱ्याचं ऐकतो कोण?

शेठ म्हणाला, साकव आणि डांबरी रस्ता. तात्या म्हणाले, साकव, रस्ता आणि उपसरपंचपद. आम्ही म्हणालो — ताण! शेवटी मामीनं दोघांना निरोप धाडला, "सरपंच मीच होणार."

इथं घात झाला, मंडळी! अहो, खुर्चीसाठीच तर ते भांडत होते. तीच द्यायची, तर मामी हवी कशाला? दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या आणि शेठ — तीस वर्षांचं वैर! — देवळात मांडीला मांडी लावून बसले. अडीच वर्षं तुला, अडीच वर्षं मला. भंडाऱ्यावर हात! दहा जण एकीकडे झाले. मतदानाला मामीनं एकटीनं विरोधात हात वर केला, तर मोजणारा साहेब म्हणतो, "बाई, घ्या खाली. निकाल लागला."

साकवाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

भाद्रपदात म्हाळूमामाला पान लागलं. रानात गवत कापताना पायालाच साप डसला. ओढा दुथडी भरलेला. बाजेवर घालून काठापर्यंत आणला आणि बसलो, पाणी उतरायची वाट बघत. मामा विचारायचा, "बुवा, उतरतंय का रे?" मी म्हणायचो, "उतरतंय, मामा." खोटं बोलत होतो. दुपारी मामा गेला.

तिसऱ्या दिवशी दोघं सांत्वनाला आले — बरोबरीनं! सरपंच आणि पुढचा सरपंच! पण थांबले पलीकडच्या काठावर. येणार कसे? तिथूनच हात जोडले, तिथूनच ओरडले, "मामी, आम्ही आहोत हो!"

मामीनं त्यांच्याकडे पाठ केली. माझ्याकडे वळली. म्हणाली, "बुवा, आता किती ताणू?"

 

तुमच्या पंचायतीची निवड पुढच्या सोमवारी, खरं ना? इथंही पारडी समसमान आहेत म्हणे. ज्याच्या मतावर सगळं अडलंय तो समोरच बसलाय, आणि त्याच्या कानाला लागणारेही इथंच बसलेत. मान खाली घालू नका, मी नावं घेत नाही! बाबांनो, गावाला हवं ते पदरात पडत असेल तर त्याला 'हो' म्हणू द्या. आज शेवटी गजर नको. टाळ ठेवा, हात जोडा, आणि घरी जाताना त्या माणसाच्या वाटेला जाऊ नका.