दुसरा डोळा

शनिवारचा उपास होता, म्हणून सुब्बलक्ष्मी हैदराबादच्या त्या नेत्रसंस्थेच्या कॅन्टीनमध्ये फक्त ताकासाठी रांगेत उभी होती. तिच्या पुढे प्रयोगशाळेतल्या दोघीजणी उभ्या होत्या.

“श्रावंती अक्का, तीन उंदीर वाया गेले. दृष्टिपेशीतल्या त्या बारीक नळ्यांचा पत्ताच नाही, फोटोत नुसता धुरळा.”

“होतं गं, मौनिका. हात बसायला वर्षं जातात.”

“तुमच्या फोटोत मात्र कशा छड्यांसारख्या ताठ दिसतात!”

“सात वर्षं घासलीयत मी इथे. तुला येऊन आठ महिने झाले नाहीत, तर सर तुला जर्मनीच्या परिषदेला पाठवायला निघाले.”

“सोमवारी फोटो दिला नाही तर तुम्हीच जाणार, असं म्हणालेत.”

“माझं काय गं! डोळे काढल्यावर बर्फावरच ठेवतेस ना?”

“तुम्ही सांगितलंत तसं, अर्धा तास. शेजारच्या लॅबमधली पद्मजा म्हणते, गारठ्याने त्या नळ्या विरघळतात.”

“पद्मजाला काय कळतंय?”

“मीही तेच म्हटलं. अक्का कशाला चुकीचं सांगतील? पण उंदराला डोळे दोन. काल एक बर्फावर ठेवला, दुसरा कोमट द्रावणात.”

“मग?”

“हा बघा मोबाइलवर, दुसऱ्याचा फोटो.”

“…छान आलाय.”

“सरांना अजून दाखवला नाही.”

“का?”

“दोन्ही फोटो शेजारी लावायचेत, अक्का. बर्फाची पद्धत कुणी शिकवली म्हणून लिहू?”

“पेसरट्टू, मुगाचा डोसा कुणाचा?” गल्ल्यामागून हाक आली.

श्रावंती जागची हलली नाही. सुब्बलक्ष्मीने हळूच तिच्या हातातलं टोकन घेऊन पुढे दिलं.