कूलरचा पॉइंट

पांढरकवड्याच्या त्या खोलीत मला पहिल्यांदा खटकला तो कूलर. हात लावला की बोटांना झिणझिण्या यायच्या. मी तर दार वाजलं तरी दचकणारी. घरमालक काकांना सांगितलं, तर म्हणाले, "चप्पल घालून लावत जाय ना पोरी."

शेवटी मीच वायरमन बोलावून अर्थिंगसकट नवा पॉइंट बसवून घेतला.

खोली सोडायच्या दिवशी काका भिंतीपुढे उभे राहिले. "मले न इचारता भोकं पाडले. डिपॉझिट इसर आता."

"काका, करंट लागत होता."

"आमाले तं कधी नाही लागला."

लागेल कसा? खोलीत मी राहत होते, ते नाही.

त्यानंतर त्यांनी माझा फोन उचलणंच बंद केलं. परवा चौकातल्या खांबावर कागद दिसला: 'खोली भाड्याने देणे आहे, कूलर पॉइंटसह.' खाली काकांचाच नंबर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिथेच उभं राहून सोबतच्या मैत्रिणीच्या फोनवरून तो नंबर लावला. लगेच उचलला.

"हां, बोला. खोली पाह्यजे का? बिनधास्त या. करंटची भानगडच नाही, अर्थिंग म्या सोता करून घेतली."