‘ऊन उतरलं’ गाण्याच्या कार्यक्रमातून निघून गेलेले अमरसिंह सरनोबत यांच्याबाबत

जबाब, दि. २८/११/२०२५

मी, क्रांती सयाजीराव खराडे, वय ४१ वर्षे, व्यवसाय नोकरी (खाजगी शाळेत लिपिक), रा. शिवाजी पेठ, कोल्हापूर. समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारलेवरून सांगते की, मी वरील पत्त्यावर आईसह राहते.

सन २००९ मध्ये मी, अमरसिंह हंबीरराव सरनोबत व धैर्यशील इंगवले अशा तिघांनी ‘ठसका’ नावाचा गाण्यांचा ग्रुप काढला. अमरसिंह चाली लावत व कीबोर्ड वाजवत. आम्ही दोघे गात होतो. ‘चप्पल हरवली जत्रंत’ हे आमचे गाणे २०११ साली फार चालले. वरातीत, गणपतीत तेच वाजायचे. त्या एका वर्षात आमचे एकशे चाळीस कार्यक्रम झाले. पुढे बोलावणी कमी होत गेली. शेवटचा कार्यक्रम २०१७ साली शिरोळ येथे झाला. ग्रुप बंद करू असे कोणी म्हटले नाही. धैर्यशील वारणानगर येथे शाळेवर लागले. अमरसिंह यांनी मोबाईल दुरुस्तीचे दुकान टाकले.

मागील वर्षी जुलै महिन्यात अमरसिंह मधल्या सुट्टीत माझ्या शाळेत आले. त्यांनी मोबाईलवर एक चाल ऐकवली. मला म्हणाले, “क्रांते, ह्यात उड्या मारायचं काय न्हाई बघ. गाशील न्हवं?” मी हो म्हणाले.

गाणे बसवायला चौदा महिने लागले. दर रविवारी आम्ही तिघे अमरसिंह यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत जमत होतो. माझा आवाज वर पोचत नव्हता म्हणून अमरसिंह यांनी पट्टी दोनदा खाली घेतली. धैर्यशील म्हणाले, “मशीनवर आवाज नीट करून मिळतोय की.” त्यावर अमरसिंह म्हणाले, “ऱ्हाऊ दे. एक्केचाळिशीचा हाय, एक्केचाळिशीचाच ऐकू दे लोकांस्नी.”

दि. २३/११/२०२५ रोजी रविवारी सकाळी ११.०० वा. मंगळवार पेठेतील एका हॉलमध्ये ‘ऊन उतरलं’ हे नवीन गाणे लोकांसमोर आणले. साठ-सत्तर लोक होते. पहिले कडवे झाल्यावर पुढच्या रांगेतील एक इसम उठून म्हणाला, “ओ, चप्पल लावा की!” मग बाकीचेही तेच म्हणू लागले. आम्ही गात राहिलो. आमचे आम्हाला ऐकू येत नव्हते. दुसरे कडवे अर्धे झाले असताना अमरसिंह यांनी बोटे उचलली व ‘चप्पल’चा ठेका लावला. लोक खुर्च्यांवर चढून नाचले. मीही नाचले. स्टेप्स मला पाठ होत्या.

गाणे संपल्यावर अमरसिंह यांनी कीबोर्डची वायर गुंडाळली. मी विचारले, “अमर, रागावलास व्हय?” ते म्हणाले, “न्हाई. लोक खूश हायत की.” नंतर “आलोच” म्हणून स्टेजवरून खाली उतरले. अंगात बिस्किटी रंगाचा शर्ट होता. मी व धैर्यशील दुपारी १.०० वाजेपर्यंत लोकांसोबत फोटो काढत होतो. तोपर्यंत ते परत आले नाहीत हे माझ्या ध्यानात आले नाही.

दुपारी ४.०० वा. चे सुमारास त्यांच्या पत्नी वर्षाराणी यांचा मला फोन आला की, “हे तुमच्यासंगं हायत काय?” नंतर आम्ही सर्वांनी शोध घेतला. त्यांची मोटारसायकल एस.टी. स्टँडच्या पार्किंगमध्ये मिळाली. त्यांचा मोबाईल त्यांच्या दुकानात गल्ल्यावर चार्जिंगला होता. त्याच दिवशी वर्षाराणी यांनी हरवल्याची नोंद केली आहे.

मंगळवारी धैर्यशील यांनी अमरसिंह यांचा फोटो व मागे ‘ऊन उतरलं’चे आमचे रेकॉर्डिंग लावून ते हरवल्याचा व्हिडिओ टाकला. काल गुरुवारपर्यंत तो नऊ लाख लोकांनी पाहिला. गाणे लोकांना आवडले आहे. गाणे चालावे म्हणून केलेले हे सगळे नाटक आहे असे काहींनी लिहिले आहे.

आपण मला विचारले की, हे आमचे ठरवून केलेले आहे काय. तसे नाही.

वर्षाराणी यांनीही मला काल हेच विचारले. त्यांनी माझा हात धरला होता. त्या म्हणाल्या, “क्रांती, खरं सांग. तुमचं आपसात ठरलंय न्हवं? ठरलं आसलं तर मी कुणावर रागावणार न्हाई. त्यांस्नी कुठं ठेवलंय तेवढं सांग.” मी नाही म्हणाले. तेव्हा त्यांनी हात सोडला व त्या आत गेल्या.

अमरसिंह यांचे कोणाशी भांडण नव्हते. ते कोठे गेले असावेत हे मला माहीत नाही.

आज सकाळी जयसिंगपूरहून एका मंडळाचा मला फोन आला. आम्हाला जुने नको, नवीन गाणेच पाहिजे, असे ते म्हणाले. स्टेजवर माणसे किती असतील, असे त्यांनी विचारले. मी तीन सांगितले.

वरील मजकूर संगणकावर उतरवून घेऊन मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तेवढाच आहे, जास्त काही लिहिलेले नाही. म्हणून खाली सही करत आहे.

(क्रांती सयाजीराव खराडे)