बहिणीसाठी बारा किलो

...अन् वरून लोकं म्हणतात, मनावर ताबा पाह्यजे! अरे, ताबा काय बाजारात जुडीनं भेटते? भेटत असता त आमच्या बोरगावच्या कैलासनं पोतंभर आणला असता! तुमाले सांगतो, त्या माणसाले तीन महिन्यांत बारा किलो उतरवाचे होते. हौस म्हणून नाई हो! त्याची लहान बहीण उज्वला, तिच्या दोन्ही किडन्या गेल्या, आठवड्यातून तीनदा सावंगीच्या दवाखान्यात डायलिसिस. अन् साऱ्या घरात किडनी जुळली कोणाची? कैलासची! पण डॉक्टरीणबाई चष्म्यावरून पाहत म्हणे, "शहाण्णव किलो? असं ऑपरेशन नाही करता येणार. चौऱ्याऐंशीवर या, मग बोलू."

"बस, एवढंच?" कैलास म्हणे. "उजूसाठी बारा काय, वीस उतरवतो!"

दुसऱ्या दिवशी पाच वाजता उठला, नवे बूट घातले, अन् चालता चालता साऱ्या गल्लीले सांगत सुटला. सांगाचंच नाई नं बावा! आपल्या लोकांले समजलं का हा माणूस खाणं सोडून राह्यला, का त्यायले त्याच्या मायेचा उमाळाच येते! शेजारची आनंदाबाई वाटी घेऊन दारात, "कसा सुकला रे बापा! घे, एक पुरणपोळी. एकानं काय होते?" लग्नाच्या पंगतीत बबनरावमामा जिलबीची परात घेऊन मागंच लागले, "घे रे, लाजू नको, एकानं काय होते?"

अन् धंदा पहा त्याचा! वावरात सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर हो, तुम्ही पुण्याकडचे असान त! तो रोज सकाळी नेऊन द्याचा कोठी? भैय्याजीच्या सांबारवडीच्या ठेल्यावर! कढईत तेल चुर्रर्र करून राह्यलं, बाजूले कढी उकळून राह्यली, अन् भैय्याजी झारा हलवत म्हणे, "कैलासभाऊ, तुमच्याच वावराचा माल हाय. तुम्हीच नाई चाखला त गिऱ्हाईकाले कोन्या तोंडानं देऊ? एकानं काय होते?"

आता सांगा, करावं काय माणसानं? ऑपरेशन तीन महिने लांब, अन् वडी नाकाखाली! खाल्ली. एकच. मंग दुसरी, पह्यलीले सोबत म्हणून. अन् तिसरी? तिसरी दुःखानं खाल्ली हो... का दोन काऊन खाल्ल्या!

महिना सरला. काट्यावर उभा राह्यला, पंच्याण्णव. डॉक्टरीणबाई म्हणे, "बूट काढा." काढले. चौऱ्याण्णव! महिनाभर चालून जेवढं उतरलं, त्यातलं अर्धं त बुटाचंच!

घरी बायकोनं, शालूनं, डबे कुलपात घातले. तरी एक दिवस गडी वावरात वांग्याच्या ओळीत लपून वडी खातानी सापडला. शालू ओरडली नाई. ओरडली असती त बरं झालं असतं हो! हळूच म्हणे, "नणंदबाईचा फोन आलता. इचारत होत्या, दादाचं वजन किती झालं. काय सांगू?"

तसाच उठला, तेलकट हातानं गाडीले किक मारली, सावंगी गाठली. एप्रिलचं ऊन, डांबर चपलीले चिकटून राह्यलं. उज्वला पलंगावर पडलेली, हाताले नळ्या, उशाशी वाटीत बर्फाचे चार तुकडे. दिवसभराचं पाणी तिले मोजून, त्यातच चहा, त्यातच वरण. जिभेवर एक तुकडा धरून डोळे मिटून होती. चाहूल लागली तशी म्हणे, "दादा, एवढ्या उन्हाचा काऊन आला? पाणी पे आधी."

पाणी पे म्हणते! कोण म्हणते? जिले घोटाची चोरी, ते!

कैलास पलंगाजवळ बसला. "उजू, मी नालायक हाय. मले नाई जमून राह्यलं. आजही वडी खाल्ली."

ती म्हणे, "मीही मंगळवारी पेली. अख्खा तांब्या, मोरीत लपून. मनात म्हटलं, एकानं काय होते. दुसऱ्या दिवशी श्वास चढला, आणून टाकलं इथं." मंग वाटीकडं पाहत म्हणे, "दादा, वर्षाचा इचार केला का तांब्याच दिसते रे. मी इचारच सोडला. हा तुकडा विरघळेवर थांबाचं, बस. मंग दुसरा."

त्या दिवसापासून ठेल्याचा रस्ता बंद. भैय्याजीले सांगतलं, सांबार पाह्यजे त वावरातून घेऊन जा. भूक लागली का म्हणे, हा वाफा निंदून होऊ दे. वाफा झाला का म्हणे, आता तो. नव्वदवर काटा असा अडकला का पंधरा दिवस हालेना, त्याच काट्यावर उभा राहून ढसाढसा रडला बिचारा! तिकडं उज्वलाची तब्येत खालावून राह्यली, इकडं याचा काटा हालेना... तीनाचे पाच महिने झाले. पण एका सकाळी, बूट काढून, त्र्याऐंशी पॉइंट आठ! डॉक्टरीणबाईनं दोनदा पाह्यलं.

ऑपरेशन झालं. चांगलं झालं! पाचव्या दिवशी उज्वलानं गिलासभर पाणी घेतलं, न थांबता, न मोजता, अन् कैलास खुर्चीतून असा पाहत होता जसं कोणी देवाले नैवेद्य खातानी पाह्यते.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. याची फाईल चाळून म्हणे, "छान. आता तुम्ही एका किडनीवर आहात. तळलेलं बंद, मीठ कमी, वजन एवढंच."

"किती दिवस, बाई?"

"जन्मभर."

कैलासनं लांब श्वास घेतला, टाके दुखले, तसा अर्ध्यावरच सोडला.

"जन्मभर? मंग बाई, मले आधीच नीट समजलं असतं नं... त दोन्ही देऊन मोकळा झालो असतो!"