इलाउचं पाणी

मंडळी, जरा कान इकडे द्या! एक विचारते — दुसऱ्याच्या घरात शिरायचं आणि घरच्याच माणसांचं बारसं करायचं, हा हक्क कुणी दिला? हसा, पण उत्तरही शोधा!

फार जुनी गोष्ट. पोर्तुगालचा एक कप्तान, दुआर्ते त्याचं नाव, हिंदुस्थान शोधायला निघाला. वाट चुकला! भलत्याच बेटाला लागला. पण चुकलो म्हणेल तर कप्तान कसला? वाळूत झेंडा रोवला — "हे राणीचं बेट! आणि ही माणसं हिंदी!" घ्या! पत्ता आपला, आणि दार भलत्याचं!

पण जहाजावरचं पाणी संपलेलं. धाकटा भाऊ ब्राझ होडीत निपचित पडलेला, ओठ फुटलेले. बेटावर झरा दिसेना. समोर एक म्हातारी उभी, हातात करवंटी. शेजारच्या बेटावरचा एक नावाडी दुभाष्या म्हणून सोबत होता. त्याला कप्तान म्हणाला, "सांग तिला — ए हिंदी बाई, पाणी आण!"

म्हातारीने मागे वळून पाहिलं. "कुणाला हाक मारतोय हा?"

"तुलाच!"

"मी नाही बाई ती."

कप्तानाचा हात तलवारीवर! नावाडी म्हणाला, "साहेब, तलवारीनं पाणी सापडणार आहे का? इथे देणाऱ्याचं नाव घेतल्याशिवाय कुणी पाणी पीत नाही. नाव विचारा."

"नाव मी ठेवलंय!"

"मग त्या नावाकडेच मागा पाणी."

होडीतून भाऊ कण्हला, "दादा..."

झालं! कसली राणी, कसला झेंडा! कप्तानाने टोपी काढली, वाळूत गुडघे टेकले. "आई, तुझं नाव काय?"

"इलाउ. एवढं विचारायला इतका वेळ?"

ओहोटी लागली होती. इलाउने ओल्या वाळूत हातभर खड्डा केला — आणि खालून गोडं पाणी वर आलं हो! ब्राझच्या ओठांना करवंटी लावली. तो पुटपुटला, "इलाउ..." आणि प्यायला. डोळे उघडले! हुश्श! कप्तान भावाला कवटाळून हसतोही आहे, रडतोही आहे!

आणि नकाशावर? नकाशावर राणीचंच नाव चढलं. माणूस तो!

पण त्याला हसता कशाला? आमच्या वेळी लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव काढायचे. कालची अनसूया आज मालती! तिला विचारलं कुणी? अहो, पहिल्या रांगेतले आजोबा, बायकोचं माहेरचं नाव आठवतंय? नाही? मग विचारा ना, त्या काय तिकडे बायकांत बसल्यात! आधी त्या नावाने हाक मारा, मग देवाच्या नावाचा गजर करू. मी चिपळ्या धरून थांबते!