आपला कोणत्या काठावर होता?

पांढुर्ण्याच्या अन सावरगावच्या मंडळींनो, सौंसरहून आलेल्या माझ्या शाळेच्या बायांनो, मंचावर बसलेल्या साहेब लोकांनो. माझ्या भावाच्या शोकसभेला तुम्ही सगळे आले. कामधंदा टाकून आले. बसायला जागा नाही तर भिंतीला टेकून उभे राहिले. माझ्या माहेरच्यांकडून तुम्हाला हात जोडते.

मला बोलता येईल की नाही, सांगता येत नाही. घरून निघताना आमचे हे म्हणाले, "दोन शब्द बोल अन बस. रागात बोलू नको." मी म्हटलं, पाहते. पाहिलं. नाही जमत.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. मी सुधाकरची मोठी बहीण. माहेर पांढुर्णा, सासर सावरगाव, मधात जाम नदी. सुधाकर फौजेत होता. श्रीलंकेत गेला होता, शांती ठेवायला. तिथं गोळी लागून मेला. वीरगती म्हणा, बलिदान म्हणा, तुमच्या तोंडाला जे शोभते ते म्हणा. माझा भाऊ मेला.

सुट्टी संपवून तो निघाला तेव्हा टेशनावर त्याला हार घातले होते. मंचावरचे भाऊसाहेब, पहिला हार तुमचाच. तुम्ही म्हणाले होते, "शेजारचं फुटलेलं घर जोडायला चालला आपला पोरगा." टाळ्या वाजल्या. गाडी सुटायच्या आधी सुधाकर खिडकीतून मला म्हणाला, "ताई, घर त्यांचं, भांडण त्यांचं. आपण कोणाकडून?" मी म्हटलं, "साहेब सांगतील तसं कर, बाबू." बस, एवढंच बोलणं झालं.

त्या बेटावर भाऊ भावाला मारून राहिले होते. एक म्हणे देश एकच राहील, दुसरा म्हणे आमचा तुकडा वेगळा काढून द्या. मग मोठ्या लोकांनी कागदावर सह्या केल्या. उत्तरेचा भाग पूर्वेच्या भागाला जोडायचा का नाही, बंदुका कोणी आधी ठेवायच्या, राज्य कोणाच्या हातात द्यायचं, यावर तिथं वाद. इथं दिल्लीत वाद. अन हे वाद मिटायच्या आधीच आपले पोरं तिथं नेऊन उभे केले. ज्यांना वाचवायला गेले त्यांनी आधी हार घातले. मग त्यांच्याच पोरांनी गोळ्या घातल्या. दुसऱ्या बाजूचे म्हणत होते, तुम्हाला बोलावलं कोणी?

आता माझी माय काय विचारते ते ऐका. ती समोर बसली आहे, खांबाजवळ. सुधाकरची पेटी घरी आली त्या दिवसापासून ती एकच विचारून राहिली. "वं पोरी, आपला कोन्या काठावर व्हता?"

तुम्ही हसू नका. पांढुर्ण्याची बाई दुसरं काय विचारणार? आपल्याकडं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते. जामच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, जो काठ तो तोडून नेईल तो जिंकला. या काठावर पांढुर्णा, त्या काठावर सावरगाव. दिवसभर दगड. डोकी फुटतात, हातपाय मोडतात. कधी कोणाचा जीवही जाते. पण कोणाचं पोरगं कोणत्या काठावर आहे हे त्याच्या मायला माहीत असते. मी तर दोन्हीकडची. इकडून भाऊ दगड मारे, तिकडून माझा दीर.

सुधाकरच्या कपाळावर खोक होती, आठवते? ती माझ्या दिराचीच. मोरेश्वर, मान खाली घालू नको रे, तुला बोल नाही लावत. त्या दिवशी झेंडा तुटला अन तूच पाण्यात धावत गेला. आपल्या दुपट्ट्यानं त्याचं कपाळ बांधलं, खांद्यावर टाकून आमच्या अंगणात आणला. मी तुम्हा दोघांना शिव्या घातल्या अन दोघांनाही जेवू घातलं. झेंडा तुटला की खतम. मग कोणी दगड उचलत नाही. जो उचलेल त्याला त्याचाच बाप झोडपते. दोन्ही गावं मिळून झेंडा चंडीमातेच्या देवळात नेतात. हे आपल्याला कोणी शिकवत नाही. आपल्या अंगातच आहे.

माझा भाऊ याच्यानंच मेला.

नामदेवराव, उठा जरा. हे बोरगावचे हवालदार, सुधाकरच्याच पलटणीतले. त्यांनी मला सांगितलं ते मी सांगते, चुकली तर थांबवा. एका गावाच्या रस्त्यावर सकाळपासून गोळीबार चालला होता. दुपारी गावातले म्हातारे पांढरं कापड घेऊन बाहेर आले. दोन्हीकडून गोळ्या थांबल्या. रस्त्यावर समोरच्यांचा एक पोरगा पडला होता, पाणी पाणी करत होता. सुधाकर उठला. हे नामदेवराव म्हणाले, "थांब, अजून भरोसा नाही." तर तो म्हणाला, "साहेब, झेंडा तुटला. आता कोणी नाही मारत."

बरोबर आहे ना, नामदेवराव? असंच म्हणाला ना? बसा.

पाण्याची बाटली घेऊन गेला. त्या पोराचं डोकं मांडीवर घेतलं, त्याला पाणी पाजलं. अन नारळाच्या बागेतून गोळी आली.

लोक मला म्हणतात, बाई, तो पोरगा तर वाचला, तुझ्या भावाचं पुण्य. काहून वाचला? मी त्याचं भलं नाही चाहत. ज्यानं गोळी झाडली त्याचं तर बिलकुल नाही. त्याच्याही मायनं कोणाला तरी हेच विचारत बसावं. मास्तरीण असून असं बोलते म्हणाल. म्हणा. मी माफ नाही करत. देवळात जाऊन हेच मागते, अन उद्याही हेच मागीन.

पण तो समुद्राच्या पार आहे, माझा हात पोचत नाही. मंचावरच्या साहेबांनो, तुमच्यापर्यंत पोचते.

काल भाऊसाहेब अन हे दुसऱ्या पक्षाचे वकीलसाहेब आमच्या ओसरीवर बसले होते. आजच्या ठरावात काय लिहायचं यावर भांडले. भाऊसाहेब म्हणे, "शेजारी देशाच्या एकतेसाठी प्राण दिले, असं लिहा." वकीलसाहेब म्हणे, "नाही, चुकीच्या धोरणाचा बळी, असं लिहा." आवाज चढले. चहा निवून गेला. आत माझी माय भिंतीकडं तोंड करून पडली होती. तिच्या पोराचं प्रेत कोणाच्या पक्षात टाकायचं याची ओढाताण तिला ऐकू येत होती. शेवटी दोघांचं एका ओळीवर जमलं. "दोन्ही बाजूंनी वैर विसरावं."

का हो? वैर तुमचं होतं का? मेलं कोणी तुमचं? माझ्या घरचं वैर विसरायला सांगणारे तुम्ही कोण? तो ठराव मी वाचणार नाही. कोणी वाचला तर माझ्या भावाचं नाव त्यातून काढून वाचा.

अन माझंही ऐकून ठेवा. येत्या गोटमारीला तुम्ही दोघं यालच, दरवर्षी येता, शामियान्यात बसता. या वर्षी पाण्यात उतरा. झेंड्यापाशी उभे राहा, हातात काही घेऊ नका. दोन्हीकडून दगड येऊ द्या अन तुम्ही शांती शांती म्हणा. मधात उभं राहणं काय असते ते एकदा अंगावर घ्या. नाही उतरणार तुम्ही, मला माहीत आहे. पण मत मागायला तर याल? या काठावर माझं माहेर आहे, त्या काठावर सासर. ज्या ज्या दारात तुम्ही हात जोडाल, त्या दारात मी उभी राहीन अन मायचा प्रश्न विचारीन. सगळ्या आळीसमोर विचारीन. जिती आहे तोवर विचारीन.

आता मौन पाळायचं आहे. मंडळी, तुम्ही बसून राहा. तुम्ही खूप रडले. मंचावरचे साहेब लोक, तुम्ही उठा. फोटोकडं नका पाहू, हार घातलेला फोटो काही विचारत नाही. इकडं पाहा, खांबाजवळ. माय, मान वर कर. पाहू दे त्यांना.

भाऊसाहेब, वकीलसाहेब, किती वेळ उभं राहायचं ते मी नाही सांगत. तिला उत्तर द्या अन खाली बसा.

सुधाकर, बाबू, रामराम घे. तुझी ताई उभी आहे इथं.